पंचक सुटल्यानंतर

काशीच्या दूधविनायक गल्लीतल्या पुराणिकांच्या कस्तुरीचं लग्न झालं, ते वर्ष २०२४. फाल्गुनात पोरगी ग्वाल्हेरला सासरी गेली आणि त्याच वर्षी कार्तिकात, देवदिवाळीच्या तोंडावर, तिचे आजी-आजोबा एका रात्रीत पाठोपाठ गेले. दोन तिरड्या एकामागून एक गल्लीतून निघाल्या तेव्हा दुकानदारांनी शटरं अर्धी खाली ओढली. नवरा-बायकोला असं एकत्र मरण यावं, याहून मोठं भाग्य कोणतं, असं म्हणून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. या भाग्यातून तीन महिन्यांत केवढं भांडण उभं राहणार आहे, याची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती. नंदाला तर मुळीच नव्हती.

नंदा म्हणजे त्या आजीच्या, इरावतीबाईंच्या, बहिणीची मुलगी. नवव्या वर्षी आईबाप गेले आणि मावशीने तिला जबलपूरहून काशीला आणलं ते कायमचं. दत्तकाचा कागद काही झाला नाही. मावशीचे यजमान नरहरशास्त्री म्हणायचे, घरातल्या मुलीचा कागद कशाला करायचा. शास्त्रीबुवांनी छत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आणि सकाळी दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची कृत्यं केली. थोरला मुलगा श्रीनिवास, कस्तुरीचा बाप, वडिलांच्याच घाटावरच्या लाकडी चौकीवर बसू लागला. धाकटा सुशांत बँकेत लागला आणि लखनौला गेला. नंदाचं लग्न दोनदा जमत आलं, दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा तिनेच हात जोडले आणि घराच्या पुढच्या खोलीत खाणावळ काढली. विद्यापीठातली मराठी पोरं आणि यात्रेकरू मिळून रोज पंधरा-वीस पानं उठायची. उरलेल्या वेळात ती दर्भाच्या मोळ्या निवडून घाटावरच्या भटजींना द्यायची. शेवटची सहा वर्षं मावशी अंथरुणाला खिळली होती. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं नंदाच करत होती. ती आता सेहेचाळीस वर्षांची होती.

शास्त्रीबुवांनी नोकरीत असताना एक विमा उतरवला होता. जन्मभराचा. मेल्यावरच पैसे मिळायचे आणि नॉमिनी म्हणून नाव बायकोचं. मावशीने पुढे आपलं मृत्युपत्र केलं आणि कचेरीत जाऊन नोंदवलं. माझं जे काही आहे आणि जे मला मिळेल ते नंदाचं, एवढंच त्यात होतं. तेव्हा सगळे हसले होते. "आई, तुझ्याजवळ आहे काय? एक नथ आणि गुडघेदुखी," असं सुशांत म्हणाला होता. मावशीही हसली होती.

तेरावं झालं. घर दोघा मुलांचं झालं. त्यात वाद नव्हता. विम्याचे कागद मात्र नंदाने नेले, कारण मृत्युपत्र तिच्या नावाचं होतं. बोनस धरून एकोणीस लाखांच्या वर रक्कम निघत होती. विमा कंपनीतल्या साहेबांनी दोन्ही मृत्यूचे दाखले शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "माताजी का देहांत तो पहले हुआ है."

शास्त्रीबुवा दवाखान्यात गेले होते. दवाखान्याने लिहिलं होतं, १४ नोव्हेंबर. मावशी घरी गेली. तिची नोंद घरच्यांनी केली होती. तिच्या दाखल्यावर १३ नोव्हेंबर होतं.

साहेबांनी समजावून सांगितलं. बाई नवऱ्याच्या मागून गेली असेल तर विम्याचे पैसे तिचे झाले, आणि तिच्यामागे मृत्युपत्राप्रमाणे नंदाचे. बाई आधी गेली असेल तर तिला काही मिळालंच नाही. मग पैसे शास्त्रीबुवांच्या वारसांचे, म्हणजे दोघा मुलांचे. बहिणीची मुलगी त्यात कुठेच बसत नाही.

"पण मी तिथेच होते," नंदा म्हणाली. "काका गेल्याचा फोन मीच घेतला. मावशी त्यानंतर गेली."

"आप तो पानेवाली हैं, बहनजी. आपकी बात हम कैसे लिखें?"

पैसे जिला मिळायचे तिची साक्ष कोण धरणार? साहेबांचं चुकलं नव्हतं.

तिने श्रीनिवासला फोन केला. "बघतो," म्हणाला तो. आठवडाभर बघतच राहिला. मग लखनौहून सुशांतचा फोन आला आणि त्याचा आवाज फार गोड होता. घर एका गेस्टहाउसवाल्याला द्यायचं ठरतंय, होळीपर्यंत खाली करायचं आहे, तुला आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही, दोन लाख देऊ, एका कागदावर सही कर. नंदा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. त्याला बोटाला धरून शाळेत तिनेच नेलेलं. तिने विचारलं, "दोन लाखांत काशीत काय मिळतं रे? दाराची कडी तरी मिळेल का?" त्यावर तो म्हणाला, "ताई, कागद जो बोलता है वही सच."

माघातली गोष्ट. दुपारची पानं उठली होती. विश्वेशमामा दारात आले. हे श्रीनिवासच्या शेजारच्या चौकीवर बसणारे, साठीचे, पोट सुटलेले, नंदाच्या हातची आमटी आवडणारे भटजी.

"नंदे, दर्भ दे गं जरा चांगले लांब. शिंदे घाटाजवळ एक म्हातारा गेलाय, पंचकात. पाच पुतळे करायचेत."

पंचक म्हणजे चंद्र धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवती संपेपर्यंत असतो ते पाच दिवस. त्यात माणूस गेलं तर दर्भाचे पाच पुतळे करतात, जवाच्या पिठाने लिंपतात आणि प्रेताबरोबर चितेवर ठेवतात. मग सुतक फिटल्यावर शांत करतात. काशीतल्या भटाभिक्षुकांच्या घरात हे पोराबाळांनाही ठाऊक असतं. नंदा मोळी सोडून लांब काड्या वेगळ्या काढू लागली आणि तिचा हात थांबला.

"विश्वेशमामा, तेराव्याला तुम्ही काकांची पंचकशांत केलीत. मावशीची का नाही केलीत?"

"तिची कशाला? रेवती तीन वाजून अकरा मिनिटांनी संपली होती. शास्त्रीबुवा पंचकात गेले, बाई पंचक सुटल्यावर. श्रीनिवासने मला पंचांगात दाखवलं ना. आणि मला काय विचारतेस? तू होतीस की घरी."

"मी होते. पण माझं कुणी धरत नाही," नंदा म्हणाली. "तुमचं धरतील. आमटी उरली आहे, बसा."

मामा बसले. त्यांनी आमटी संपवेपर्यंत नंदाचं सगळं ठरलं होतं.

पुढच्या रविवारी सुशांत कागद घेऊन आला. वरच्या खोलीत सगळे जमले. श्रीनिवास खिडकीशी बसला होता आणि नंदाकडे बघत नव्हता. त्याची बायको विद्युल्लता चहाचे पेले घेऊन आली. सुशांतने कागद पुढे केला, वर पेन ठेवलं.

"इथे, आणि इथे. दोन सह्या."

"करते की," नंदा म्हणाली. "आधी दादाला एक विचारायचं आहे. दादा, मावशीला पुतळे का नाही ठेवलेस?"

श्रीनिवासने मान वर केली. "काय?"

"काकांच्या अंगावर पाच पुतळे ठेवलेस. दर्भ मी काढून दिले, पीठ मी भिजवलं. मावशीसाठी पण भिजवू का, असं विचारलं तर नको म्हणालास."

"हे काय मध्येच, ताई?" सुशांत म्हणाला. "पूजापाठाचं नंतर बोलू."

"पूजापाठाचंच काम आहे, सुशांत. तुझ्या या कागदावर मावशी तेरा तारखेला गेली. तेरा तारखेला अख्खा दिवस पंचक होतं. म्हणजे मावशी पंचकात गेली आणि आपण तिला तशीच सरणावर चढवली. पुतळे नाहीत, शांत नाही, काही नाही."

विद्युल्लताने ट्रे खाली ठेवला. "अहो, सासूबाई पंचकात गेल्या?"

"छे. रेवती केव्हाच संपली होती," श्रीनिवास म्हणाला. तीस वर्षांच्या सवयीने उत्तर तोंडातून निघून गेलं. मग त्याने सुशांतकडे बघितलं.

"दादा," सुशांत दबक्या आवाजात म्हणाला.

पण विद्युल्लता आता थांबणार नव्हती. "मग दाखल्यावर तेरा कसं आलं?"

श्रीनिवासने उपरणं सारखं केलं. "उजाडलं नव्हतं. पहाटेचे चार चाळीस झाले होते. उजाडेपर्यंत वार बदलत नाही, तो बुधवारच. मी कचेरीत बुधवार सांगितला, बुधवारची तारीख तेरा. जन्मभर असंच लिहीत आलो."

"आणि मामंजींचं चौदा?"

"बाबांचं दवाखान्याने लिहिलं. त्यांचा दिवस रात्री बारा वाजता बदलतो."

विद्युल्लता मटकन बसली. "म्हणजे एकाच रात्रीचे दोन दिवस करून ठेवलेत तुम्ही दोघांनी मिळून, तुम्ही आणि दवाखान्याने."

"जे झालं ते झालं," सुशांत म्हणाला. "कंपनी कागद बघते, वहिनी, नक्षत्र बघत नाही. दादा, साडेनऊ लाख तुझ्या वाट्याला येतात. चौकीवर दक्षिणा काय पडते आजकाल, मला ठाऊक आहे. फालतू में भावुक मत हो."

आता नंदाने पेन उचललं. तिचा आवाज अगदी शांत होता.

"बरोबर आहे सुशांतचं. तेरा तर तेरा. पण मग मावशीची शांत राहिली ती करायला हवी. विश्वेशमामांना आजच सांगते. पाच ब्राह्मण सांगू, घाटावरचेच. ते विचारतील, श्रीनिवासशास्त्र्यांच्या सख्ख्या आईची राहिली कशी? सांगू, पंचांग बघायला चुकले. उद्या नाशिक-पुण्याचे यजमान चौकीवर आले की तेही ऐकतील. ऐकू देत."

श्रीनिवासचा चेहरा लाल झाला. "मी चुकलो नाही. आईचं मी काहीही चुकीचं केलेलं नाही."

"मग कागद चुकला," नंदा म्हणाली. "दोघांतलं एक काहीतरी चुकलंय, दादा. कोणतं ते तू सांग."

खाली गल्लीत सांडाला हुसकावणाऱ्या कुणाची तरी आरडाओरड चालली होती. विद्युल्लता बोटं मोजत होती.

"पंचकातलं माणूस तसंच गेलं तर घरातली आणखी पाच नेतं म्हणतात," ती म्हणाली. "आपण घरात मोजून सहा आहोत. भावजी, तुमची तिघं धरून."

"मला धरलंस ना, वहिनी?" नंदाने विचारलं.

"धरलं तर. तुम्हाला कशी सोडीन, वन्सं?"

"बरं वाटलं. मरायच्या यादीत तरी घरची झाले."

विद्युल्लता हसली, मग आपण हसलो याची तिला लाज वाटली. सुशांत वैतागून उठला. "मरू दे ते पंचक. शिकल्यासवरल्या माणसांनी..."

"मरू दे म्हणू नका, भावजी. तुमच्या चिनूला मी ती दोन महिन्यांची असल्यापासून खेळवलंय."

"आणि सुशांत," नंदा म्हणाली, "थोरल्याने बापाला अग्नी दिला, धाकट्याने आईला. मावशीला तू दिलास. मणिकर्णिकेवर लाकडं रचून झाल्यावर तू काय विचारलंस ते आठवतं? दादा, आईला पुतळे नाहीत का, असं विचारलंस. दादा म्हणाला, आई पंचक सुटल्यावर गेली. मी बायकांत गल्लीच्या तोंडाशी थांबले होते, मला विश्वेशमामांनी सांगितलं. तेव्हा तुला कळलं होतं कोण आधी आणि कोण मागून. कागद नंतर झाला."

सुशांतने फोन काढला आणि त्यात काहीतरी बघू लागला. फोनचा पडदा काळाच होता.

श्रीनिवास उठला. फळीवरून या सालचं पंचांग काढलं. कार्तिकाचं पान उघडून त्याने ते चहाच्या पेल्यांच्या मध्ये ठेवलं. समासात शिसपेन्सिलीने दोन ओळी होत्या, त्याच्याच बारीक अक्षरात. बाबा दोन दहा, रेवती. आई चार चाळीस, अश्विनी.

"मी बाबांना गाडीतून घेऊन आलो तेव्हा साडेचार झाले होते," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते त्याचं त्यालाच माहीत. "आईने डोळे उघडले. नंदाने आधीच सांगितलं होतं तिला. 'आणलंस का त्यांना?' म्हणाली. मी गंगाजल तोंडात घातलं. ते गिळलं तिने आणि गेली. मग मी आधी पंचांग बघितलं, मग रडलो. तीन महिने मी गप्प बसलो, हे काही चांगलं केलं नाही मी. उद्या कचेरीत येतो, नंदा. विश्वेशला पण बरोबर घे."

"दादा, विचार कर," सुशांत म्हणाला.

"पुष्कळ केला. तू चहा घे, निवतोय."

नंदाने तो कागद घडी करून सुशांतला परत दिला. पेनही दिलं. पेन चांगलं होतं, बँकेचं.

जन्म-मृत्यूच्या कचेरीत खिडकीवर गीताजी नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, पान खाणाऱ्या, कुणालाही उभं न करणाऱ्या. आधीच्या तिघांना त्यांनी कागद अपुरे म्हणून वाटेला लावलं होतं. त्यांनी अर्ज वाचला, दोनदा वाचला आणि जाळीतून श्रीनिवासकडे बघितलं.

"पंडितजी, ब्राह्मण होकर ऐसी गलती?"

"ब्राह्मण हैं, इसीलिए हुई," श्रीनिवास म्हणाला.

मागच्या रांगेतली माणसं हसली. गीताजी हसल्या नाहीत. त्यांनी पंचांग जाळीखालून आत ओढून घेतलं, पेन्सिलीच्या ओळींवर बोट ठेवलं.

"पिताजी रेवती में गए?"

"जी."

"पुतला दिए थे?"

"पाँच. हमने दिए, और शांति इन्होंने कराई," श्रीनिवासने विश्वेशमामांकडे बोट केलं. मामांनी पोट आत घेऊन नमस्कार केला.

"और माताजी को नहीं दिए."

"नहीं. रेवती उतर गई थी."

गीताजी मागे रेलल्या आणि शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना म्हणाल्या, "सर, माताजी बाद में गई हैं. सीधी बात है." साहेबही काशीचेच. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या कोणत्याही गावात हे समजावून सांगायला वकील लागला असता.

दोघांची शपथपत्रं झाली. जुनी ओळ खोडायची नसते. शेजारी समासात दुरुस्ती लिहायची आणि साहेबांनी सही करायची, असा नियम. अकरा दिवसांनी नवा दाखला नंदाच्या हातात आला. तो तिने खिडकीपाशीच उभं राहून तीनदा वाचला, आणि बाहेर येऊन लस्सीवाल्याला तीन लस्सी सांगितल्या. विश्वेशमामांनी दोन घेतल्या, मग तिला चौथी सांगावी लागली.

सुशांतने विमा कंपनीकडे हरकतीचं एक पत्र धाडलं. साहेबांनी त्याला फोन करून एवढंच विचारलं की दाखल्यावर साक्ष तुमच्या सख्ख्या भावाची आहे, ती खोटी आहे असं तुम्ही लिहून देता का? त्याने लिहून दिलं नाही. वैशाखात पैसे नंदाच्या खात्यात जमा झाले; घर खाली करायची मुदत श्रीनिवासने तोवर लांबवली होती.

मग नंदाने गल्ल्या पालथ्या घातल्या. दलालांनी तिला ओल आलेलं दाखवलं, अंधारं दाखवलं, एकाने तर जिना नसलेली खोलीही दाखवली. "वर कसं जायचं?" असं तिने विचारलं तर म्हणे, बनवा देंगे. शेवटी शिंदे घाटाच्या वरच्या अंगाला दोन खोल्या आणि एक ओटा मिळाला. लहान, पण कागद स्वच्छ. खरेदीखतावर सही करताना तिने नाव सावकाश, पुरं लिहिलं. किल्ली हातात आली तेव्हा दार तिने स्वतःच उघडलं, कुणाला उघडू दिलं नाही. आठव्या दिवशी खाणावळ सुरू झाली. पहिल्या दिवशी एकतीस पानं उठली आणि विद्यापीठातल्या पोरांना वरण कमी पडलं.

कार्तिकात वर्षश्राद्ध आलं. दूधविनायकाच्या घरात गेस्टहाउसवाल्याचे गवंडी काम करत होते, म्हणून श्रीनिवासने विचारलं, "नंदा, तुझ्याकडे करू या का?" ती म्हणाली, "विचारतोस काय, आई-बाबांचंच घर आहे." विद्युल्लता आदल्या दिवसापासून राहायला आली आणि नव्या स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवायचे यावरून दोघींचं जुंपलं. सुशांत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तो आला. चिनूला घेऊन आला, उशिरा आला आणि ओट्यावर चपला काढून तसाच उभा राहिला.

"आत ये," नंदा म्हणाली. "दार माझं आहे, पण पान तुझं मांडलंय."

तो खाली मान घालून जेवला. आमसुलाची चटणी त्याने दोनदा मागून घेतली.

भिंतीवर दोघांच्या तसबिरी लावायच्या होत्या. नावं लिहिणारा पेंटर मराठी अक्षरं काढणारा, घाटावरचाच. त्याने विचारलं, "दोनों की तारीख एक ही है, बीच में एक बार लिख दूँ?"

"नाही," नंदा म्हणाली. "दोघांची वेगळी लिहा. वेळेसकट."

त्याने पांढऱ्या रंगात लिहिलं. नरहर पुराणिक, मृत्यू १४ नोव्हेंबर २०२४, रात्री दोन वाजून दहा मिनिटं. इरावती नरहर पुराणिक, मृत्यू १४ नोव्हेंबर २०२४, पहाटे चार वाजून चाळीस मिनिटं.